निरगाठ

प्रिय सुरगाठ,

शिवणाच्या तासाला तुझ्या रुमालाचे काठ मी शिवून दिले होते, आठवतं? सिस्टरनी वरून नजरसुद्धा टाकली नाही. रुमाल सरळ उलटा केला आणि माझ्याकडे बघितलं. मागे माझ्या गाठी होत्या, दातांनीही न सुटणाऱ्या. दोघींना बाकावर उभं केलं, तर तू कुजबुजलीस, "अगं, एवढी आवळतेस कशाला? कधी सोडावी लागली तर?" तेव्हापासून मी निरगाठ आणि तू सुरगाठ.

वस्तू उलटून बघायची खोड मला तिथेच लागली. वाढदिवसाला तुझं कार्ड येतं, दोन ओळींचं, गोड. मी ते उलटून बघते. मागे कोरं असतं, म्हणून तर आणखी संशय येतो. हिला काही कळलंय का? कळूनही ही गप्प आहे का?

शुक्रवारी मला वेधशाळेतली खोली रिकामी करायची आहे. कपाटाच्या तळाशी, आपण दोघींनी इथे मिळून अभ्यासलेल्या अकरा दीर्घिकांची फाइल निघाली. तुझ्या शाळेतल्या मुलींना तू हे कसं समजावतेस कोण जाणे, मी असं सांगते: इतक्या दुरून हाती येतात ते प्रकाशाचे चार ठिपके, कुठल्या रंगात किती उजेड एवढेच. मग आपण संगणकात लुटूपुटीच्या दीर्घिका रचायच्या, इतके तारे, इतकं वय, इतकी धूळ, आणि कुणाचा उजेड त्या ठिपक्यांशी जुळतो ते बघायचं. आपल्या अकराही लाल होत्या, आणि लाली म्हाताऱ्या ताऱ्यांनीही येते, धुळीनेही. मी म्हणायचे, म्हाताऱ्या आहेत. तू म्हणायचीस, छे गं, धुळीने माखल्यात, आत नव्या ताऱ्यांची नुसती झुंबड उडालीय.

तुझ्या मॉडेलची रेघ ठिपक्यांवरून इतकी चोख गेली, की मला वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. मी आले की तू खण लोटायचीस. प्रमुखांशी बोलताना हसायचीस. मला सगळ्यात काहीतरी दिसू लागलं. माझा प्रबंध त्या म्हातारपणावर उभा होता, हे मात्र मी स्वतःलाही सांगितलं नाही. मग प्रमुखांना ते निनावी पत्र गेलं, की तू हवं ते उत्तर यावं म्हणून धूळ वाढवलीस. तुला बोलावलं. बाहेर आलीस, आपला कप विसळून खिडकीत पालथा घातलास आणि गेलीस, ती कायमचीच.

मॉडेलचा उजेड वजा केल्यावर जे उरतं, ती जुळणीची उलटी बाजू. जन्मभर सगळ्यांच्या जुळण्या मी उलटून बघितल्या, एक तुझी सोडून. परवा बघितली. प्रत्येक पानामागे तुझ्या पेन्सिलीने लिहिलंय, "इथे बसत नाही. धूळ कमीही असेल. निरगाठीला विचारायचं." लबाडी करणारी स्वतःच्या चुकांवर खुणा करत नाही गं.

आता तापलेल्या धुळीचा स्वतःचा उजेड मोजता येतो. माझ्या विद्यार्थिनीने नव्या मोजमापांवर जुळणी केली. धूळ तू म्हणालीस तेवढीच निघाली. मला वाटलं, ही पोर तुला भेटून आली असणार. तिच्याकडून तीनदा करून घेतलं. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, तुमचा संशय नक्की कुणावर आहे?" चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

ते पत्र मी लिहिलं होतं. हे पत्र तेवढ्याचसाठी. क्षमा मागत नाही, तेवढं तोंड नाही. पण ही गाठ माझी, ती मीच सोडायला हवी. पेन्सिलीच्या खुणांची फाइल सोबत आहे, ती तुझी. त्या पत्राची कार्बन प्रत आजच्या प्रमुखांना दिली, या वेळी सही करून. कपाटाची किल्ली विद्यार्थिनीला. तिच्या लेखात पहिलं नाव तुझं लागेल, माझं कुठेच नाही. तुझा कप अजून खिडकीतच पालथा आहे. तो न्यायला तू स्वतः ये, नाहीतर कुणालाही पाठव. शुक्रवारपर्यंत मी इथे आहे.

तुझीच,
निरगाठ