करकोच्याच्या दालनातली मुलगी

अण्णा, तुमची टिपणवही माझ्याकडे आहे. स्लायगोच्या घरात, स्वयंपाकघरातल्या वरच्या प्रेसमध्ये, डाळींच्या डब्यांमागे. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आणि आता मीही म्हणते. आयर्लंडला निघताना आईनं ती गुपचूप माझ्या बॅगेत घातली होती. सहा वर्षं मी ती उघडली नाही. उघडली ती दोन हजार वीसच्या शेवटी. पोटात बाळ होतं, कारखान्याची कागदपत्रं घरी बसून तपासत होते आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती. गावातल्या निम्म्या लोकांचे जन्म त्या वहीत आहेत. आठवडाभर तुम्ही शाळेत गणित शिकवायचात आणि रविवारी चुलीजवळच्या पाटावर बसून पत्रिका करायचात. तिथंच का, तर आई चहा देते आणि उजेड चांगला येतो. पानं उलटता उलटता माझं नाव आलं. वेळेच्या रकान्यात सकाळी सहा चाळीस. त्यावर पट्टीनं मारलेली एक सरळ रेघ, आणि वर लिहिलेलं, सात पाच.

मी काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. हृदयात बसवायच्या नळ्यांच्या कारखान्यात मी नोंदी तपासते. आमच्याकडे चुकीची नोंद खोडायची तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे मीच शिकवते. तुमची रेघ अगदी नियमात बसणारी होती. सही नव्हती, तारीख नव्हती, कारण नव्हतं. कारण मी मोबाइलवर पंचांग उघडून पाच मिनिटांत शोधलं. सहा चाळीसला मूळ नक्षत्र होतं, चौथा चरण. सात वाजता पूर्वाषाढा लागली होती.

मला इतका राग आला अण्णा, की मी वही बंद करून पुन्हा डाळीमागे टाकली. अकरावीत लंबकाच्या प्रयोगात माझं उत्तर जुळेना म्हणून मी दोन रीडिंग बदलली होती, आठवतं? तुम्ही माझं जर्नल चुलीपुढे धरलंत आणि म्हणालात, "दिसलं ते लिही. यायला हवं ते लिहायचं असेल तर प्रयोग कशाला करतेस?" दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. माझी नोकरी, माझा हा काटेकोर स्वभाव, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. आणि तेच तुम्ही! चौथ्या चरणाला दोष नाही हे शास्त्र तुम्हीच लोकांना सांगायचात. पण लोक मूळ एवढंच ऐकतात, सासऱ्याच्या मुळावर येणारी मुलगी एवढंच त्यांच्या लक्षात राहतं, हेही तुम्हाला ठाऊक होतं. शेजारच्या आळीतल्या मास्तरांची मुलगी त्यापायी कशी घरात बसून राहिली ते तुम्ही रोज बघत होतात. माझं लग्न बघायला तुम्ही राहिला नाहीत, पण तुम्ही करून ठेवलेली पत्रिका नागपूरला गेली, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले आणि सगळे खूश झाले.

फेब्रुवारीत मुलगी झाली. नवऱ्याला फक्त त्या वेळेपुरतं आत घेतलं होतं, नंतर लगेच घरी पाठवलं. सुईणीनं तिला टॉवेलात गुंडाळलं आणि म्हणाली, "शी इज ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत, अगदी छान आहे. तासाभरानं नागपूरहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. आधी रडल्या, मग म्हणाल्या, "वेळ नीट सांग हो, गुरुजी थांबून राहिले." बाळ साडेनऊला झालं होतं. तिकडे तेव्हा दुपारचे तीन, आणि मूळ नक्षत्र तीन वीसपर्यंत, हे मी आदल्या रात्रीच मोबाइलवर बघून ठेवलं होतं. पुन्हा चौथा चरण. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "दहा." कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. कोरोनाच्या दिवसांत त्या दोघांना आणखी टेन्शन कशाला? लेट इट बी." माझी लेक चार दिवसांची झाली नव्हती, आणि तिच्या पहिल्याच नोंदीत मी खोटं लिहिलं होतं.

आमच्या लाइनवर बेलारूसची एक बाई आहे, साठीला आलेली. मीच तिला शिकवलं, आणि आता ती मला आईसारखी दटावते. पलीकडच्याच वसाहतीत राहते, म्हणून पाच किलोमीटरच्या आत बसते. ती बिटाच्या सूपचं पातेलं दारात ठेवून फाटकापाशी जाऊन उभी राहिली. पातेल्याच्या झाकणावर एक कागद होता, सोळा घरांचं गोल चक्र, प्रत्येक घरात एक प्राणी नाहीतर पक्षी. स्लाव लोकांचं हजारो वर्षं जुनं राशीचक्र आहे म्हणाली, बारा राशी नाहीत, आकाशातली सोळा दालनं. रानडुक्कर, हंस, साप, कावळा, अस्वल, लांडगा. एका दालनाला तिनं लाल पेन्सिलीनं गोल केला होता. "करकोचा! तुझी मुलगी करकोच्याच्या दालनातली. ज्या घरावर करकोचा घरटं बांधतो त्यावर वीज पडत नाही, माहीत आहे?" या देशात करकोचे नाहीत हे मी तिला सांगितलं नाही. तुम्ही असतात तर ते चक्र घेऊन पाटावर बसला असतात, मोजणी कुठून सुरू करतात ते आधी विचारलं असतंत. बारा राशीसुद्धा बाहेरूनच आल्या, आपली ती नक्षत्रं, हे तुम्ही लोकांना ऐकवायचात आणि समोरचे गुरुजी चिडायचे.

मग तिनं विचारलं, तुमच्यात काय निघालं? मी तिला मूळ सांगितलं, सासरा सांगितला आणि दहा वाजता सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, मास्क लावून फाटकापलीकडे उभ्या असलेल्या माणसाशी खरं बोलणं सोपं जातं बहुतेक. ती हसायची थांबली. म्हणाली, "मीसुद्धा." तिचा जन्म सापाच्या दालनाच्या शेवटच्या दिवसाचा. तिच्या सासूला साप सून नको होती. त्यांच्या चक्रात दिवस संध्याकाळी सुरू होतो, म्हणून सकाळी जन्मलेल्या या बाईनं आपण संध्याकाळनंतर जन्मलो असं सांगितलं. जन्मदिवसच एक दिवस पुढे गेला, दालन बदललं, साप होता त्याचा कावळा झाला. "सासू गेली. नवरा गेला. माझी मुलगी मिन्स्कहून दर वर्षी एक दिवस उशिरा फोन करते, हॅपी बर्थडे मामा. पंचवीस वर्षं हे असंच चाललंय. आदल्या दिवशी मी एकटीच केक खाते. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

मी घरात येऊन ते चक्र शोधलं. सवयच आहे, मूळ कागद बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. हजारो वर्षांचा पुरावा काही मिळाला नाही. जाणकार म्हणतात की ही सोळा दालनं अलीकडेच कुणीतरी मांडली, तिच्या सासूनं बहुधा मासिकातून घेतली. म्हणजे कालपरवाच्या एका कागदाला भिऊन त्या बाईनं आपला वाढदिवस सोडला. पण आपलं जुनं आहे म्हणून माझं खोटं थोडंच कमी खोटं ठरतं? मला त्या केकची चीड आली. माझ्या मुलीनं असा केक खायचा नाही, एवढं मी तिथंच सिंकपाशी उभ्या उभ्या ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. नवरा बाजूला मान खाली घालून बसला होता. मी म्हटलं, "आई, वेळ चुकीची सांगितली मी. साडेनऊ. मूळ नक्षत्र आहे, चौथा चरण. आणि माझंही मूळच आहे. अण्णांनी वेळ बदलली होती." सासूबाई हळूच उठल्या आणि पडद्याबाहेर गेल्या. सासरे तसेच बसून राहिले. मला वाटलं, संपलं. मग ते घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षं झाली, तू मूळ नक्षत्राची सून माझी?" मी हो म्हटलं. "अन् मी इथं बसून पोहे खाऊन राहिलो?" आणि असे खो खो हसले की ठसकाच लागला, तेव्हा आतून सासूबाई पाणी घेऊन धावत आल्या. त्या मात्र हसल्या नाहीत. आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एके दिवशी विचारलं, "तिकडे मुळाची शांत करायला कोणी गुरुजी मिळतात का?" मिळतात, पण मी करणार नाही म्हणून सांगितलं. त्या अजून रागावलेल्या आहेत. रागावू देत.

आज वही खाली काढली. शेवटच्या कोऱ्या पानावर मुलीचं टिपण लिहिलं, वेळ साडेनऊ. मग माझ्या पानावर आले. बारावीच्या निकालाला तुम्ही मला दिलेल्या स्टीलच्या पट्टीनं, तुमच्या सात पाचवर एक आडवी रेघ मारली. शेजारी सहा चाळीस, सही, तारीख. कारणाच्या जागी बराच वेळ पेन अडलं. तुम्ही खोटे होतात असं लिहिणार होते. लिहिलं, "वडील घाबरले होते."

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, वहीतच राहील, म्हणून एक सांगून टाकते. आई सांगायची की माझ्या वेळी तुम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून उभे होतात. मला त्याचं हसू यायचं. बाळाचं पहिलं रडणं ऐकलं, तेव्हा सुईणीनं तिला माझ्यासमोर धरलं होतं, अण्णा. मी तिच्याकडे नंतर बघितलं. आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.