बाल्कनीचा पडदा

९ जानेवारी

मीना बंदरातल्या सगळ्या बोटी आज एकमेकींना बांधून ठेवल्या. परवा वादळ येणार. वारा सुटला की गल्लीला वीज विकणारा जनरेटरवाला मशीन बंद करणार – डोक्यावर लोंबणाऱ्या वायरी तुटून पाण्यात पडतात, त्याचं तरी काय चुकलं? आणि सरकारी वीज नावालाच!

मग सौसनच्या आजोबांचं काय? त्यांचं श्वासाचं मशीन विजेवर चालतं. आमच्या बरोबर वरचं घर. दिवसभर त्याची घरघर ऐकू येते. तिची पावलंही.

१० जानेवारी

जिन्यात भेटली. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन – वीज गेली की पंपही बंद. म्हणाली, "ऑक्सिजनची टाकी आणून ठेवली. दिवे चार्ज केले. रोट्या घेतल्या. तू काय केलंस?"

मी काय केलं! तिच्याकडे बघत उभा राहिलो.

वरून तिचे वडील, हिकमतकाका – "अहो अर्धे इंजिनियर! कॉलेज नाही पेललं, निदान एक कॅन तरी पेला!"

डोकंच फिरलं. थांबा. दाखवतोच.

११ जानेवारी, दुपार

मामाच्या दुकानातला छोटा जनरेटर खांद्यावरून त्यांच्या घरी चढवला. मामा मागून ओरडत होता, "उघड्यावर ठेव रे वाएल, धूर घरात जाता कामा नये!" बाल्कनी म्हणजे उघडंच की! पण पाऊस आडवा. म्हणून बाल्कनीचा जाड कापडी पडदा खालपर्यंत ओढून बांधला. वायर आत घ्यायला काचेचं दार जरासं उघडं.

सौसन म्हणाली, "पडदा नको. धूर कोंडेल."

"आणि भिजून बंद पडला तर?"

आजोबांचं मशीन त्या विजेवर कुरकुरायला लागलं, म्हणून तिने त्यांना टाकी लावली. बाकी घर झगझगीत! हिकमतकाका माझ्याकडे बघून हसले – पहिल्यांदाच!

खाली आलो तो तरंगतच.

१२ जानेवारी



काल संध्याकाळी माझ्या छतावर वरून काठीची ठकठक. मी गाणी मोठ्याने लावली की आजोबा अशीच काठी आपटतात. मी ओरडलो, "गाणी नाहीत हो आजोबा, वीजच नाही!" ठकठक थांबेना.

आणि मग आठवला तो पडदा.

धावलो. दार आजोबांनीच उघडलं – नाकात नळी, मागे टाकी फरफटत. हिकमतकाका मोरीपाशी ओकत होते. सौसन सोफ्यावर. हाका मारल्या – डोळे उघडेना! जनरेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, तिला उचलून जिन्यात आणलं. काका भिंत धरून मागे आले.

धूर पडद्याला अडून सगळा आत. म्हाताऱ्याच्या नाकात टाकीतली हवा होती, म्हणून तो एकटा धड राहिला.

डॉक्टर म्हणाले, वाचली.

१३ जानेवारी

दवाखान्यात काकांनी विचारलं, "तो पडदा ओढला कोणी?"

सौसन पडल्या पडल्या म्हणाली, "मी."

मला वाचवायला! क्षणभर बरं वाटलं – हेही लिहून ठेवतो. मग तिच्या हाताला टोचलेली सलाईनची सुई दिसली.

"खोटं बोलतेय! ती नको म्हणत होती. मी ओढला."

काकांनी कॉलर धरली. "चालता हो! पुन्हा जिना चढलास तर तंगडी मोडीन!"

आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत. बघत राहिले नुसते.

१५ जानेवारी

वीज आली. वर घरघर सुरू. आज तिची पावलंही ऐकू आली. जरा अडखळत.

१६ जानेवारी

आई म्हणाली, जेव. नाही जेवलो.

१७ जानेवारी

सौसनचा फोन! "बाबा अजून धुमसतायत. पण आमच्याकडे आजोबांपुढे कोणाचं चालतं? ते म्हणाले, पुढच्या वादळात हा गाढव नक्की कुठे काय करतोय ते मला घरातच, डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे. उद्या वडिलांना घेऊन ये. कॉफीत साखर घालायला सांगितलीय."



बिनसाखरेची दुःखाच्या घरी देतात. साखरेची, मुलीला मागणी घालायला आलेल्यांना.