आतली बंडी

१२ जानेवारी, सोमवार

...त्या सकाळी डाळ भिजत घातली, डब्यात भेंडी आणि चार पोळ्या भरल्या, गॅलरीतले वाळलेले कपडे काढले. नवऱ्याचे, प्रल्हादचे, निळ्या पट्ट्यांचे दोन शर्ट होते. एक घालून गेला. दुसऱ्याला इस्त्री करत होते तेव्हा त्याच्या बांधकामाच्या साइटवरून फोन आला. नवव्या मजल्यावरून पडला. सेफ्टी बेल्ट कमरेला होता, हुक मोकळा. हुक कुणी मोकळा ठेवला ते चार वर्षांत कुणी सांगितलेलं नाही.

आज का आठवलं ते ठाऊक आहे. मारामाऱ्या बसवणाऱ्या रफिक मास्टरने शूटिंगचा कागद दाखवला. पुढच्या सोमवारी रिद्धी किल्ल्याच्या बुरुजावरून पडणार – तीस फूट! हिरॉइनच्या जागी मार खायचा, उड्या घ्यायच्या, पडायचं, हे माझ्या मुलीचं काम. त्या सिनेमाचे कपडे शिवायचं माझं.

मास्टर म्हणाले, "भाभी, वायर के पट्टे के नीचे पतली बंडी ही चलेगी. मोटा कुछ नहीं."

मान हलवली.

१३ जानेवारी, मंगळवार

चीनवरचं जाड पुस्तक अर्धं झालं. शाळा सातवीत सुटली, इंग्रजी रिद्धीच्या शाळेच्या पुस्तकांतून शिकले, त्यामुळे पान उलटायला वेळ लागतो. शंभर वर्षांपूर्वी तिथला राजा गेला आणि ज्याच्याकडे बंदुका तो त्या मुलखाचा धनी झाला. एक सेनापती गाव जाळतो, दुसरा येऊन उरलेलं जाळतो.

सिनेमात तेच. जनरल गावातल्या माणसांची मुंडकी वेशीवर टांगतो. वाचलेली एक मुलगी तलवार शिकून परत येते. आज तिचं एकच जाकीट नऊदा शिवलं, मारामारीच्या एकेका टप्प्यासाठी एक. पहिलं कोरं, दुसऱ्याची बाही फाटलेली, चौथ्यात भाल्याचं भोक, नवव्यात कापड कमी, रक्त जास्त. रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि रंग. मुंग्या लागतात.

१४ जानेवारी, बुधवार

सेटवर तिळाचे लाडू नेले. दत्तारामने दोन खाल्ले. पडणाऱ्याला झेलणारी वायर आणि कमरेचे पट्टे त्याच्याकडे. मालवणचा, आमच्यासारखाच इथे आखातात कामाला आलेला, मला वहिनी म्हणतो.

"वहिनी, तोंड असं का? तीळगूळ तुम्ही दिलात, गोड मीच बोलू?"

म्हटलं, उंच आहे रे ते फार.

"पोरगी जमिनीपासून चार फुटांवर थांबणार. दोर माझा, जबाबदारी माझी."

प्रल्हादच्या साइटवरही कुणीतरी असंच म्हणालं असेल.

१६ जानेवारी, शुक्रवार

निळ्या पट्ट्यांचा दुसरा शर्ट कापला. रिद्धीच्या बंडीला आतून लावला. मध्ये कापसाचा थर, वरून गोधडीचे टाके, जवळजवळ. पाठ, कंबर, बरगड्या. पुरुषांना दोर कळतो, हाडं कुठे मोडतात ते नाही कळत.

कुणाला सांगितलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार

रिद्धीने घालून पाहिली. "सो कोझी, आई." एवढंच.

१९ जानेवारी, सोमवार

आज जे झालं ते लिहून काढते.

दत्तारामने पट्टा आवळला, थांबला, परत आवळला. "काय गं, चार दिवसांत जाड झालीस?"

रिद्धी हसली. "आईज लाडूज, अंकल."

मी तिच्यामागे दोन हातांवर उभी होते.

बुरुजावर मारामारी सुरू झाली. तिने दोन शिपाई कापले, तिसऱ्याच्या गळ्यात तलवार. मग जनरलने भाल्याचा दांडा तिच्या छातीत घातला. ती मागे गेली. खाली आली. वायर ताणली – आणि पट्टा कमरेवरून सरकून काखेत गेला. ती उलटी फिरली, खांदा पायरीवर आपटला, मग तोंड. लाकूड मोडल्यासारखा आवाज. पायरी प्लायवूडची, पण तो आवाज प्लायवूडचा नव्हता.

ती ओरडली नाही. सगळ्यांना वाटलं शॉट उत्तम झाला. एकाने टाळीही वाजवली. मी धावले. तोंडावरचं रक्त पातळ होतं, गरम होतं. पाक असा नसतो.

२० जानेवारी, मंगळवार

गळ्याखालचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या, भुवईवर अकरा टाके. वाचली. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "आय डोन्ट नो व्हॉट हॅपन्ड, आई."

दत्ताराम बाहेर बाकावर बसून होता. त्याला कामावरून काढलं. शनिवारी मालवणला परत पाठवणार, पुन्हा कुणी दोराला हात लावू देणार नाही.

"दोनदा तपासला होता वहिनी. पण माझाच हात चुकला असणार. दुसरं काय?"

मी त्याला चहा आणून दिला. चहा!

२१ जानेवारी, बुधवार

हॉस्पिटलने रिद्धीचे कपडे पिशवीत घालून दिले होते. आज अल नहदाला, आमच्या वस्तीतल्या घरी येऊन पिशवी उघडली. बंडी कात्रीने उभी कापलेली. जिथे पट्टा होता तिथला कापूस पापडासारखा चपटा झालाय. म्हणजे दत्तारामने पट्टा आवळला तो कापसावर. झटका बसला, कापूस दबला, पट्टा ढिला झाला.

प्रल्हादच्या शर्टावर तिचं रक्त वाळून तपकिरी झालंय. मुंगी एकही नाही.

सेटवर कुणाला ठाऊक नाही. बंडी कचऱ्यात टाकली तर कधी कळणारही नाही. रिद्धीलाही नाही.

चार वर्षं दारावरची बेल वाजली की वाटायचं, कुणीतरी आलं असेल. म्हणेल, बाई, तो हुक माझ्याकडून राहिला. मी त्याला शिव्या दिल्या असत्या, कदाचित मारलंही असतं. पण आत घेतलं असतं. कुणी आलं नाही. त्याचीही पोरंबाळं असतील, नोकरी असेल.

दत्ताराम शनिवारी जाणार.

२३ जानेवारी, शुक्रवार

काल सकाळी आधी रिद्धीला सांगितलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग सेटवर गेले. डायरेक्टर, रफिक मास्टर, दत्ताराम, सगळ्यांसमोर टेबलावर बंडी उलटी करून पसरली आणि म्हटलं, हे टाके माझे आहेत.