कोळशाच्या खोलीतले ‘ते’

प्रिय लाडोबा,

‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, हुरळून जाऊ नकोस. या आठवड्यात तुझे तीन निरोप आले. ‘ते कसे आहेत’, ‘ते बरे आहेत ना’, ‘रविवारी येतोय, तोवर त्यांना सांभाळ’. सांभाळते आहे. फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण फोनवर तू माझं वाक्य अर्ध्यात तोडतोस आणि स्वतःचं सुरू करतोस. कागदाला मध्येच ‘हो हो, ते ठीक आहे’ म्हणता येत नाही, म्हणून कागद घेतला. या वर्षी इथे उन्हानं कहर केला आहे, बाबांचं हृदय थकलं आहे आणि या घरात थंड अशी एकच खोली आहे. माझ्या गेल्या दीड महिन्याची गोष्ट एवढीच आहे. बाकीचं सविस्तर सांगते, बस जरा टेकून.

तुझी ती पेटी दोन वर्षांपूर्वी या घरात आली, ते आठवतं? पेटी कसली, काचेच्या दाराचं कपाटच ते. तुझ्या पाचव्या मजल्यावर दुपारभर ऊन येतं आणि तुझ्या बायकोला तंबाखूच्या वासानं मळमळतं, म्हणून तू ते इथे आणून टाकलंस. तिला मात्र सांगितलंस की सगळे सिगार वाटून टाकले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! खाली, जमिनीत अर्धी बुडालेली ती जुनी कोळशाची खोली तुला पसंत पडली. वर मला वर्ग घेतल्यासारखं समजावलंस, की पंचविसाच्या वर पारा गेला तर तंबाखूच्या पानांत दडलेली अंडी फुटतात आणि किडे आतून सगळं पोखरतात. फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, सुकतात आणि कांद्याचा वास धरतात. पाणी नळाचं नको, शुद्ध केलेलं हवं. त्यांना श्वास घेऊ दे, त्यांची झोप मोडू नकोस, एका कुशीवर फार दिवस पडू देऊ नकोस. मी ऐकतच राहिले. दवाखान्यात मी दिवसभर लहान मुलांच्या लशी थंड ठेवते, सकाळ-संध्याकाळ पारा बघून वहीत लिहिते. त्या लशींचेसुद्धा एवढे नखरे नाहीत. आणि गंमत म्हणजे एवढं करून तू ते ओढतही नाहीस. इथून चार-सहा नेऊन ऑफिसातल्या साहेबांपुढे धरतोस आणि ते धूर सोडतात तो तू हसत हसत नाकात घेतोस. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

तरी मी केलं. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून कपाटाशेजारी ठेवल्या, खिडकीच्या झडपेला पुठ्ठा ठोकला, दार दिवसातून एकदाच उघडलं. तू दर दोन महिन्यांनी यायचास, सरळ त्या खोलीत शिरायचास, तुझ्या बाळांना कुरवाळायचास आणि परस्पर निघून जायचास. सोळा पायऱ्या चढून वरच्या खोलीत बाबा बसलेले असायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी तुझ्या नोकरीला हांजीहांजीचा धंदा म्हटलं आणि तू बोलणं टाकलंस. तेव्हापासून तुझ्या तोंडून ‘बाबा’ हा शब्द मी ऐकलेला नाही. ‘ते जेवले का’, ‘ते काही म्हणाले का’, ‘त्यांना सांगू नकोस’. तुझी पावलं त्यांना ऐकू यायची बरं का. घड्याळजीचे कान आहेत ते, शेजारच्या घरातलं घड्याळ मागे पडलेलं त्यांना भिंतीतून कळतं. तू आलास की ते हातातलं काम थांबवायचे. बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला की पुन्हा भिंग डोळ्याला लावायचे. मला एका शब्दानं कधी विचारलं नाही.

आता या उन्हाळ्याचं सांगते. वरच्या खोलीवर पत्रा आहे, दुपारी तिथे भाजणी भाजून निघेल. बाबांना मात्र खिडकीचा उजेड सोडवत नाही. एका दुपारी मी दवाखान्यातून आले तर ते मेजावर डोकं टेकून बसलेले, ओठ कोरडेठाक, मला ओळखायला त्यांना मिनिटभर लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यांना खाली थंडाव्यात हलवा, नाहीतर हा उन्हाळा यांना झेपणार नाही. मी विनवलं, रडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. पण ऐकतील तर ते बाबा कसले? मला कोळशाच्या खोलीत टाकतेस, मी काय कोळसा आहे, मरायचंच असेल तर उजेडात मरेन, असं म्हणाले. सात वर्षं मी या माणसाच्या औषधाची एक वेळ चुकवलेली नाही, आणि माझ्या शब्दाला त्यांच्या लेखी किंमत शून्य. राग आला मला. फार आला.

आणि त्याच आठवड्यात तुझं पार्सल आलं. मी कामावर होते. ते बाबांनी घेतलं, आणि माझं नाव असूनही उघडलं, कारण पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव होतं. आत हवेतला ओलावा आणि उष्णता दाखवणारं ते छोटं गोल यंत्र आणि तुझी चिठ्ठी. बायकोच्या हाती लागली तर बिंग फुटेल म्हणून ‘सिगार’ हा शब्द तू त्या चिठ्ठीत कुठेच येऊ दिला नव्हतास. घाबरट कुठला! काय लिहिलं होतंस ते तुला आठवत नसेल, मला पाठ झालं आहे. ‘ताई, ऊन फार वाढलंय. त्यांना वर अजिबात ठेवू नकोस, खालच्या खोलीतच असू देत. उष्णता लागली तर ते सुकतील आणि मग काही उपयोग नाही. नळाचं पाणी नको. एका कुशीवर पडू देऊ नकोस. रोज स्वतः बघत जा, दुसऱ्या कुणावर सोडू नकोस. माझा जीव अडकलाय त्यांच्यात. लवकरच येतो.’

मी घरी आले तेव्हा बाबा पलंगावर पाय खाली सोडून बसले होते, अंगात स्वच्छ सदरा. चिठ्ठी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, बघ, त्याला कसं कळलं? मला वाटलं ऊन डोक्यात गेलं. मी चिठ्ठी वाचली. अरे, या घरात ‘ते’ म्हणजे कोण, हे तूच तर सहा वर्षं शिकवलं आहेस! दुसरा काय अर्थ लावणार तो माणूस? मी तोंड उघडलं होतं, खोटं बोलू नये म्हणून. अहो बाबा, हे त्या कपाटातल्या तंबाखूबद्दल आहे, एवढंच वाक्य होतं, जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, आता तो म्हणतोच आहे तर नेऊन ठेव मला खाली. मी वाक्य गिळलं. आणि खरं सांगू, मला तुझा जेवढा तिरस्कार वाटतो तेवढाच हेवाही वाटला. मी सात वर्षं केलं ते कुणाच्या खिजगणतीत नाही आणि तू पानाच्या सुरळ्यांसाठी खरडलेल्या सहा ओळींनी म्हातारा स्वतःच्या पायांनी सोळा पायऱ्या उतरला. मानलं बाबा तुला. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर तुझ्यासारख्या.

ती खोली केवढी, तुला माहीत आहे. कपाट राहील किंवा पलंग राहील, दोन्ही नाही. शेजारच्या सुतारकाकांनी आणि मी मिळून तुझं कपाट वर नेलं. काका दमून मधल्या पायरीवर टेकले आणि म्हणाले, माणूस खाली आणि धूर वर, हिशेब बरोबर आहे. भिंतीवर बाबांनी तुझं यंत्र स्वतःच्या हातानं बसवून घेतलं. रोज सकाळी मला विचारतात, काटा हिरव्यात आहे ना, त्याला कळव हं. नळाचं पाणी तोंडाला लावत नाहीत, उकळून गार केलेलंच मागतात, कारण तू लिहिलं आहेस. मी हेच पाणी तीन वर्षांपासून सांगत होते. दुपारी न सांगता कूस बदलतात. चौथ्या दिवशी जेवण नीट गेलं, दहाव्या दिवशी त्यांनी झडपेचा पुठ्ठा काढायला लावून त्या उजेडात एक मनगटी घड्याळ खोललं. डॉक्टरसुद्धा चकित झाले. चिठ्ठी उशीच्या खोळीत आहे. अधूनमधून बाहेर काढून वाचतात आणि मी आले की झोपल्याचं सोंग घेतात.

तुझ्या बाळांचं काय झालं, तेही सांगते, काही लपवत नाही. पहिले आठ दिवस मी वर बाटल्या नेऊन ठेवत होते. मग उष्णतेची लाट आली, दिवसाकाठी चार-चार तास वीज जायला लागली, आणि असेल तेवढा बर्फ दवाखान्यातल्या लशींना आणि बाबांच्या खोलीला पुरेना. तेव्हा वर चढणं मी बंद केलं. विसरले नाही, सोडून दिलं. परवा कपाट उघडलं. तळाशी तपकिरी भुगा, एकेका सिगारला टाचणीनं टोचावीत तशी भोकं, आणि काचेवर छोटे तांबूस किडे मजेत फिरत होते. वरचे खण तेवढे धड असतील असं वाटलं होतं, तेही नाहीत. सगळे गेले. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं. मी दार लावलं आणि खाली येऊन बाबांचं पाणी उकळायला ठेवलं.

आता हे सगळं लिहिण्याचं कारण. रविवारी तू त्या कपाटासाठी येतो आहेस हे मला माहीत आहे. बाबांना वाटतं, तू त्यांच्यासाठी येतो आहेस. शनिवारी न्हाव्याला घरी बोलवायला सांगितलं आहे त्यांनी. ते कपाट तू वर उघडलंस आणि त्यांना खाली ऐकू जाईल अशी बोंब मारलीस, तर त्या चिठ्ठीचा खरा अर्थ त्यांना एका क्षणात कळेल, आणि मग मी त्यांना कुठल्याही थंड खोलीत ठेवलं तरी उपयोग नाही. म्हणून तुला आधीच कळवते आहे. काय थयथयाट करायचा तो आत्ता, तुझ्या घरात, हे पत्र हातात धरून कर. मला शिव्या घाल, कागद फाड, चार दिवस आहेत तुझ्याकडे. रविवारी येशील तो हे सगळं उरकून ये. ते तुला विचारतील, मला उन्हाचा त्रास होतोय हे तुला इतक्या लांबून कसं कळलं. काहीतरी सांग. साहेबांपुढे इतकं सुचतं, बापापुढेही सुचेल. डॉक्टर म्हणाले, हा उन्हाळा निघेल, पुढच्याचं सांगता येत नाही. तुला कुणाची काळजी आहे यावर माझा विश्वास कधीच उडाला, मला फसवायची तसदी घेऊ नकोस. पण त्यांचा बसला आहे, आणि त्यावर ते जगताहेत. तेवढं मोडू नकोस.

तुझीच, दुसरी बहीण नाही म्हणून,
ताई