तिसरं मागणं

तालदीकोर्गान,
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

आदरणीय ओराझबेक मामांना भाचा कायसारचा सलाम.

जनावरं खुशाल आहेत ना? आणि माणसं? (आधी जनावरं विचारली म्हणून बल्झानमामी रागावतील, पण रीत तुमचीच. आई म्हणायची, "मी मेल्याचं कळवलं तरी माझा भाऊ आधी गायीचं विचारील." तुम्ही तसं केलं नाहीत. ती गेली त्या दिवशी तुम्ही नुसते दारात उभे राहिलात.) मामींचा गुडघा, तुमचा खोकला आणि करडी घोडी, तिघांचं कसं आहे ते कळवा. मी बरा आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही "हं, बरं, बरं" म्हणता आणि मग मनात असेल तेच करता. बसवाला झाकेन उद्या सकाळी गावाकडे निघतोय, त्याच्या हाती हे देतो.

माझ्या शिक्षणाच्या कर्जाबद्दल काही कानावर आलं असेल तर मनावर घेऊ नका. या महिन्याचा हप्ता थोडा लांबला आहे, एवढंच. तुम्हाला माहीत आहे की आईला मी दवाखान्यात शब्द दिला होता : हे कर्ज माझ्या पगारातून फिटेल, तिच्या माहेरच्या गोठ्यातून नाही. जामीन म्हणून सही तिची होती. (सही करून बँकेतून बाहेर पडली तेव्हा म्हणाली, "चाळीस वर्षं शाळेत स्वयंपाक केला, पण माझ्या नावाला एवढी किंमत आहे हे आज कळलं." मग त्या आनंदात तिने आम्हा दोघांना आइस्क्रीम घेतलं. पैसे माझ्याकडून घेतले.) तेव्हा आम्हाला वाटलं होतं की नद्यांचं पाणी मोजायला शिकलेल्या माणसाला पगारही नदीसारखा येईल. येतो तो ओढ्यासारखा. एक लाख साठ हजार तेंगे, त्यातले बावन्न हजार बँकेचे, साठ हजार खोलीचे, आणि उरलेल्यात मी. रोज सकाळी काराताल नदीत खुणेची पट्टी बघून पाणी किती चढलं, किती उतरलं ते वहीत लिहितो. नदी हिवाळ्यात उतरते आणि वसंतात चढते. माझं चढणं अजून सुरू झालेलं नाही.

लांबला कसा ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून ऐकावं लागणार नाही. आमचे साहेब तुलेगेन यांच्या मुलाचं लग्न होतं. आई जाऊन वर्ष झालं नाही म्हणून मी येत नाही म्हणालो, तर साहेब म्हणाले, "नाचू नकोस, गाऊ नकोस, पण माझ्या घरचं जेवायला तुला कोण अडवतं रे?" मला जेवायला कोणीच अडवत नाही, हे खरं. शिवाय निघताना पाहुण्यांना उरलेलं बांधून देतात, ते चार दिवस पुरतं. (गेल्या वर्षभरात मी सुचवू शकतो असा काटकसरीचा हा एकच उपाय आहे, पण अहेराचं पाकीट टाकावं लागत असल्यामुळे तोही फार स्वस्त पडत नाही.) तर माझ्या कोटात दोन पाकिटं होती. एका खिशात अहेराचे दहा हजार, दुसऱ्यात हप्त्याचे बावन्न. हप्त्याचे पैसे मी पगाराच्याच दिवशी काढून पाकिटात घालतो, कार्डावर ठेवले तर ते राहत नाहीत. दोन्ही पाकिटं पांढरी, एकाच गठ्ठ्यातली. अहेराच्या पेटीशी उभ्या दोन बायकांनी एकदम "या, या, आत या!" केलं, मी गांगरलो आणि चुकीच्या खिशात हात घातला.

दुसऱ्या दिवशी बँकेच्या यंत्रापुढे पाकीट उघडलं तेव्हा कळलं. मी कचेरीत गेलो, मनात वाक्य जुळवत होतो, तर साहेबच उठून आले. डोळ्यांत पाणी. "कायसार, अरे माझ्या सख्ख्या भावाने वीस हजार टाकले! आणि तू, एवढ्याशा पगारात? तुझ्या आईने काय वाढवलंय तुला!" आईचं नाव निघाल्यावर मी जुळवलेलं वाक्य टाकून दिलं आणि त्यांचं अभिनंदन केलं. मग त्यांनी कपाटातून एक मखमली चपान काढून माझ्या खांद्यांवर टाकला. निळा अंगरखा, घोट्यापर्यंत लांब, सोनेरी भरतकामाचा. तो घालून मी दुपारी नदीवर पाणी मोजायला गेलो, कारण न घालणं बरं दिसलं नसतं.

घरमालकीण झाउरेशआपा म्हणाल्या, "वा! आता खान झालास. भाडं वाढवते." बँकेतल्या असेम नावाच्या मुलीला मी फोनवर सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "दादा, आम्ही चपान जमा करून घेत नाही." पण मुलगी भली आहे, तिने वीस तारखेपर्यंत मुदत दिली. तिच्याचकडून कळलं की माझा फोन लागेना म्हणून तिने अर्जावरच्या दुसऱ्या नंबरावर, म्हणजे तुम्हाला, फोन केला होता, आणि तुम्ही तिचं गाव कोणतं, लग्न झालंय का, हे विचारून तिला घोडीच्या दुधाचा कुमिस प्यायला बोलावलंत. मामा, हे बरं नव्हे. (ती खरंच कधी येऊ म्हणून विचारत होती.)

आईचा फोन मी अजून चालू ठेवला आहे. झाउरेशआपा म्हणतात, पैसे काय झाडाला लागलेत? पण बँक हप्त्याची आठवण जामिनालाही पाठवते, त्यामुळे दर महिन्याला तो फोन एकदा वाजतो. वर आईचं नाव : "आदरणीय कुल्याश." तिला असं आदराने लिहिणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. तो वाजला की मला तुमच्याकडचे उन्हाळे आठवतात. ती करडीचं दूध काढायची आणि मी खोगिरावर बसून तिला पाढे म्हणून दाखवायचो. तुम्ही मला आपली रीत सांगितलीत ती तिथेच : बहिणीच्या मुलाने मामाच्या घरातलं आयुष्यात तीनदा काहीही मागावं, मामाने नाही म्हणायचं नाही. पाच वर्षांचा होतो, सगळे जमले होते, आईने घरून पढवून आणलं होतं, "घोडी माग." आणि मी तुमची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी मागितली. ती माझ्या खांद्यांपर्यंत आली. बाराव्या वर्षी पुन्हा पढवलं, तर मी सायकल मागितली आणि त्याच संध्याकाळी कालव्यात घातली. परतीच्या बसमध्ये आई कपाळाला हात लावून म्हणाली, "तिसऱ्या वेळी तरी अक्कल चालव रे बाबा."

असो. मला काही नको. काळजी करू नका.

तुमचा भाचा,
कायसार

ता. क. वीस तारखेची सोय झाली आहे. संध्याकाळी एका ठिकाणी मोटारी धुतो. पाण्याचंच काम आहे, शिक्षण वाया गेलं नाही.

ता. क. दुसरा. मला काही नको असं वर लिहिलं ते खोटं आहे. झाकेन आज म्हणाला, "तुझा मामा शनिवारच्या बाजाराला करडी नेतोय, ट्रकवाल्याशी बोलणं झालंय." नोव्हेंबरात बाजारात घोडी कोण आणि कशासाठी घेतो हे आपल्या दोघांना माहीत आहे. हिवाळाभर मांस होऊन कोणाच्या तरी ताटात जायची ती, आणि त्या पैशांतून माझा हप्ता भरायचा. म्हणून बहिणीचा मुलगा या नात्याने माझं तिसरं मागणं लिहून देतो, मामींसमोर मोठ्याने वाचा : मला करडी घोडी हवी. रीतीप्रमाणे तुम्हाला नाही म्हणता येत नाही, आणि माझी घोडी विकताही येत नाही. माझ्याकडे जागा नसल्यामुळे ती तुमच्याच दारात राहील. दूध तुम्ही प्या.

ता. क. शेवटचा. चपान झाकेनबरोबर पाठवतो आहे. पहाटे थंडी असेल तेव्हा घोडीच्या पाठीवर घाला. आणि आईच्या कबरीवर जाल तेव्हा तिला सांगा, या वेळी त्याने घोडीच मागितली.