शौनकच्या टाकीतलं शेवाळ

अहो,

मी पहाटेच्या गाडीने अकोल्याला निघाले. ताईचा पाय मोडलाय, परवा येते. तुम्ही गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही.

शौनकच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत माजलंय ती तुम्ही म्हणता तशी धूळ नाही. धूळ बोटाने पुसली जाते. हे ओढलं की केसांसारखं ताणलं जातं, म्हणजे शेवाळच, आणि त्याखाली त्याचं जिवंत पोवळं गुदमरत चाललंय. याचं कारण काल जेवताना डोळ्यांनी पाहिलं. ताटाशेजारची चित्राहुतीची शितं तुम्ही उचलून माशांना घालता, तीही दोन्ही वेळा. मासे भाताला तोंड लावत नाहीत. तो तळाशी कुजतो आणि त्यावर हे पोसतं. मुलाशी अबोला आणि त्याच्या माशांना पंगत, हा हिशेब मला तरी लागत नाही.

आज बादलीत टाकीतलंच पाणी घ्या आणि दगड त्यात जुन्या टूथब्रशने घासा. नळाखाली धरू नका, साबण तर मुळीच नको. पोवळ्याला ब्रश न लावता त्याच्यावरचं हलक्या हाताने उपटा. तळाची शितं नळीने ओढून काढा. टाकीचा दिवा दुपारनंतर बंद ठेवा.

संध्याकाळी शौनकचा फोन तुमच्या मोबाईलवर येईल. टाकीचं सगळं बाबा बघताहेत, असं मी त्याला सांगून ठेवलंय. "आई घरी नाही" एवढं बोलून ठेवून देऊ नका. पोवळं वाचेल की नाही, ते त्यालाच विचारावं लागेल.

विजया