त्या सिनेमात कुणी जेवत नाही

आबा, गेल्या आठवड्यात मी लढाईचा सिनेमा बघितला. एकटी नव्हते, सगळी कंपनी होती. एमआयडीसीतल्या ज्या दूध कंपनीचं कॅन्टीन मी चालवते, तिनं बारामतीतलं अख्खं थिएटर दुपारच्या खेळाला घेतलं होतं. सध्या या सिनेमाचं कौतुक इतकं चाललंय की तो न बघणारा माणूस आपला की परका अशी शंका घेतात. पेपरात कौतुक, टीव्हीवर कौतुक, बक्षिसांची तर रास. माझ्या शेजारी पॅकिंगमधल्या दोन पोरी बसल्या होत्या, त्या मध्यंतरानंतर ज्या रडायला लागल्या त्या शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. मी रडले नाही. मी पडद्यावर जेवणाचे डबे शोधत होते.

खोटं कशाला बोलू, सिनेमा चांगला आहे. त्यातली धूळ खरी आहे, थंडी खरी आहे. तुम्ही म्हणायचात, लढाई म्हणजे बारा आणे वाट बघणं आणि चार आणे गोंधळ. ते या लोकांना कळलंय. एक पोरगा नुसता बुटाची नाडी सोडतो आणि परत बांधतो, एवढंच करत बसतो, आणि बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. गोळी लागलेला माणूस मरताना भाषण देत नाही, हेही मला आवडलं. पण आबा, चाळीस माणसं त्या डोंगरावर तीन दिवस राहतात आणि त्यातला एकही तोंडात घास घालत नाही. एकाच्या हातात चहाचा मग दिसतो, त्याला वाफ नाही. कुणी पीठ मळत नाही, कुणी भट्टी पेटवत नाही, खालून वर जेवण घेऊन कुणी चढत नाही. त्या पोरांना घरची आठवण येते, आईची येते, पण भूक लागत नाही. ज्याला भूकच लागत नाही तो मेला तर मला रडू कसं येणार?

बाहेर आल्यावर एचआरच्या साहेबांनी कसा वाटला म्हणून विचारलं, तेव्हा मी हेच सांगितलं. साहेब तरुण आहेत, मोकळे आहेत. ते हसले आणि म्हणाले, मावशी, जेवणं दाखवत बसले असते तर लढाई कधी दाखवली असती? मग म्हणाले, सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सिनेमावर चार शब्द तुम्हीच बोला, तुमचे वडील आघाडीवर लढलेले, तुमच्या तोंडून कौतुक शोभेल. मी हो म्हटलं. पण तुम्ही आघाडीवर लढला नव्हता. तुम्ही लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात होता. आधी आई गेली, मग तुम्ही गेलात; त्यानंतर हे फक्त मला आणि धाकट्याला ठाऊक होतं. बाकी सगळं पणदरे गाव तुम्हाला बंदूकवाला समजत होतं.

आपल्या घरात तुमचं आणि आईचं एकाच गोष्टीवरून वाजायचं, ती म्हणजे भाकरीची दुरडी. आई म्हणायची, भरल्या घरात दुरडी रिकामी ठेवू नये, आल्यागेल्याला चतकोर तरी शिल्लक पाहिजे. तुम्हाला शिळी भाकरी उरलेली खपायची नाही. किती माणसं जेवणार ते विचारून तेवढ्याच भाकऱ्या थापायच्या, हा तुमचा हुकूम. एखाद्या दिवशी धाकटा न जेवता झोपला तर त्याची भाकरी दुरडीत दिसायची आणि तुमचं तोंड उतरायचं. मग तुम्ही मुकाट्यानं ती कोरड्यासबरोबर खायचात, पोट भरलेलं असलं तरी. आई एक भाकरी पिठाच्या डब्यात लपवायची आणि सकाळी म्हशीपुढं टाकायची. तुम्हाला ते माहीत होतं. मला मात्र वाटायचं, माणूस मिलिटरीत राहून चिक्कू झालाय.

मी कॅन्टीन घेतलं त्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही एसटीनं आलात, पिशवीतून तुमचा तो लांब दांड्याचा झारा घेऊन. तुमची नोकरीतली तेवढीच एक वस्तू घरात होती आणि ती तुम्ही मला दिलीत. मी फुशारकीनं सांगितलं की रोज पंचवीस-तीस पोळ्या जास्तीच्या करते, कुणाला कमी पडायला नको. तुम्ही कांद्याच्या पोत्यावर टेकलात आणि बोलायला लागलात. एवढं सलग तुम्ही आयुष्यात कधी बोलला नव्हता. लढाईच्या दिवशी पहाटेच डोंगरावरच्या सगळ्या तुकडीच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी करून ठेवायचा हुकूम होता. लंगरातल्या तुम्ही तिघांनी मिळून केल्या. दुपारी गाडी वर गेली आणि तिन्हीसांजेला डबे परत आले, तर निम्मे डबे जड. मी विचारलं, मग काय केलं त्या पुऱ्यांचं?

तुम्ही म्हणालात, "टाकतुय व्हय? ज्ये ऱ्हायले त्यास्नीच दुसऱ्या दिशी वाढल्या. त्यांनी खाल्ल्या. कुणाच्या वाट्याच्या हायेत त्ये त्यास्नीबी ठावं व्हतं, आन् मलाबी."

किती उरल्या होत्या ते तुम्ही सांगितलं नाहीत. मी विचारलंही नाही. त्या दिवसापासून मी माणसं मोजून पोळ्या करते आणि कमी पडल्या तर तेव्हाच ताज्या लाटून देते.

आता जे लिहायचं ते अवघड आहे. मी पाचवीत होते. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी आईच्या हाताला भाजलं होतं म्हणून तुम्ही पोळ्या लाटल्यात, आणि त्या इतक्या गोल की आळीतल्या मुली दारात उभ्या राहून हसल्या. तुझा बाप बायकांची कामं करतो, असं त्यांनी शाळेत पसरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवड्याभरात गुरुजींनी 'माझे वडील' हा निबंध दिला. मी लिहिलं की माझ्या वडलांनी डोंगरावर एकट्यानं बंदुकीनं शत्रूचे चार सैनिक मारले. गुरुजींना तो इतका आवडला की पंधरा ऑगस्टला त्यांनी तो माझ्याकडून सगळ्या गावापुढं वाचून घेतला. तुम्ही पुढच्या रांगेत होता. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या, सरपंचांनी तुम्हाला हाताला धरून उठवलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, टोपी सारखी केलीत आणि झेंड्याला सलाम ठोकलात. घरी येताना मी दहा पावलं मागं चालत होते. चाबूक बसेल वाटलं होतं.

वाड्याच्या फाट्याशी थांबून तुम्ही म्हणालात, "अक्षार चांगलं हाय तुजं. पर बंदूक कंची व्हती त्ये तरी मला इचारायचं."

बस, एवढंच. त्यानंतर दर पंधरा ऑगस्टला शाळा तुम्हाला बोलवत राहिली आणि तुम्ही जात राहिलात.

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी धाकट्यानं फोन केला. त्याला कळलं होतं मी काय बोलणार ते. म्हणाला, आक्का, सिनेमा चांगला म्हण आणि खाली बस, आबांची गावात इज्जत हाय, ती कशाला धुळीला मिळवतीस? मी म्हटलं, पुऱ्या तळण्यात बेइज्जत काय झाली ते मला सांग. त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी माईक धरला आणि विचारलं, या सिनेमात कुणाला जेवताना बघितलं असेल त्यानं हात वर करा. एकही हात वर आला नाही. मग मी सांगितलं की माझे वडील लंगरात होते, आणि पुऱ्यांची गोष्ट सांगितली, जशी तुम्ही सांगितली तशी. म्हटलं, सिनेमा चांगला आहे, पण चाललंय एवढं कौतुक त्याला पेलत नाही. ज्यांनी त्या माणसांना शेवटचं जेवण करून घातलं त्यांना यानं पडद्यावर पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून याची लढाई मला अर्धीच वाटते. साहेब गंभीर झाले. गेटवरचे इंदापूरचे वॉचमन, जे खरोखर आघाडीवर होते, ते मागून उभे राहिले.

ते एवढंच बोलले, "मावशी खरं बोलत्यात. आमी वरनं गोळीच्या आधी जेवणाची गाडी बगायचो."

मी छाती फुगवून घरी गेले. संध्याकाळी धाकट्याचा पुन्हा फोन. कंपनीतल्या कुणीतरी गावात सांगितलं होतं, आणि दूध घालायला आलेली माणसं डेअरीवर बोलत होती की मंग म्हातारा एवढी वर्सं झेंड्याला कशापायी उभा ऱ्हायला, थापाच मारल्या म्हणायच्या.   माईकवर मी एवढंच म्हटलं होतं, 'गावात तसा समज होता.' समज. जसा काही तो वाऱ्यानं उडत आला होता. सिनेमावाल्यांनी जेवण गाळलं म्हणून मी तावातावानं बोलले, आणि माझी गोष्ट सांगताना मी मलाच गाळलं.

म्हणून मी ठरवलंय. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंशी बोलले आहे. शनिवारी सकाळच्या शाळेला मी येणार, डेअरीवरच्या माणसांनाही बोलावलंय, आणि तो निबंध कुणी लिहिला, का लिहिला, ते पोरांपुढं सांगणार. धाकटा नको म्हणतोय. त्याला नको म्हणू दे. तुमचा झारा घेऊन येणार आहे, किती पोरं आहेत ते कळावं म्हणून शाळेचा पट मागवलाय, पुऱ्या मोजून तळणार.

हे पत्र कॅन्टीनच्या कपाटात मिठाच्या पुड्यांखाली राहील, त्याला दुसरी जागा नाही. एक मात्र शनिवारी सांगणं जमेल असं वाटत नाही, म्हणून इथं लिहिते. मी लहान होते, तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात ते मला तेव्हा कळलं नाही, असं मी आईला सांगितलं, धाकट्याला सांगितलं, स्वतःलाही सांगत आले. तुम्ही टोपी सारखी केलीत ना, आबा, तेव्हाच मला कळलं होतं.